पहारेकऱ्याची खुर्ची

"साहेब, मला लग्न करायचंय," असं बाबा म्हणाले आणि मी चहा थुंकले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. चहा खारट होता. चुकून चिमूटभर पडलंय असा खारट नव्हे, तर दोन चमचे मीठ घालून, मनापासून ढवळून, पाहुणचार म्हणून पुढे केलेला खारट. पण बाबांना ते कसं कळणार? ते स्वतः बिनसाखरेचा पितात, तो माझाच हुकूम (मला 'साहेब' म्हणतात ते उगीच नाही), त्यामुळे त्यांच्या कपात सगळं ठीक होतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की चौऱ्याहत्तराव्या वर्षी धीर गोळा करून त्यांनी एक वाक्य तोंडाबाहेर काढलं आणि पोटच्या पोरीनं उत्तरादाखल टेबलावर, वर्तमानपत्रावर आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर चहाचा फवारा मारला. शर्ट खास माझ्यासाठी घातला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी आधी शर्टाकडे पाहिलं, मग फडकं आणून टेबल पुसलं, फडकं पिळून जागेवर टाकलं आणि म्हणाले, "बरं. राहिलं मग."

राहिलं मग! दुकान बंद होतं, भाजी उद्या आणू, अशा सुरात. वाद नाही, रुसवा नाही, 'माझं आयुष्य आहे' वगैरे नाही. आजपर्यंत मी त्यांना जे जे नको म्हटलं, त्या प्रत्येक गोष्टीचं असंच राहिलं होतं. स्कूटर राहिली, तळलेलं राहिलं, मित्रांबरोबरची डोंगरावरची सहल राहिली, आणि दर वेळी मला आतून कसं बरं वाटायचं, की घर शिस्तीत आहे. आज मात्र तसं वाटलं नाही. मी हात हलवून म्हणाले, "मीठ! मीठ!" त्यावर बाबा समजुतीनं म्हणाले, "हो हो, धक्का बसला तुला. पाणी पी." "धक्का कसला बाबा, चहात मीठ आहे!" मग त्यांनी माझ्या कपातला घोट घेतला, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "म्हणजे तू मिठामुळे थुंकलीस?" "हो." डोळे उघडले. "मग लग्नाचं काय?" आणि मी, जिच्या तोंडातून 'नाही' हा शब्द जांभईसारखा आपोआप निघतो, ती म्हणाले, "बघू." नंतर दिवसभर मला छळलं ते या शब्दानं. तो माझा नव्हे, आईचा होता.

पण आधी डबे. बाबांच्या स्वयंपाकघरात स्टीलचे एकसारखे डबे आहेत, सगळे एका मापाचे. आई गेली त्या वर्षी मीच ते आणले आणि प्रत्येकाच्या झाकणावर काळ्या मार्करनं, ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं. साखर. मीठ. डाळ. चहा. आता गंमत अशी, की प्रयोगशाळेत नवीन विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगते: बशीच्या झाकणावर कधीही लिहायचं नाही, बुडावर लिहायचं. पेशी बुडाला चिकटून वाढतात, झाकणाला नाही. एका वेळी चार बश्या उघडल्या की झाकणं इकडची तिकडे होतात, आणि मग कोण रोगी नि कोण निरोगी हे देवालाही सांगता येत नाही. हे व्याख्यान इतकी वर्षं देणाऱ्या बाईनं स्वतःच्या बापाच्या घरी सगळी नावं झाकणांवर लिहून ठेवली होती. बाबांनी सगळे डबे एकदम घासले, एकदम वाळवले आणि हाताला येतील तशी झाकणं लावली. चष्म्यावर वाफ धरते म्हणून ते चष्मा काढून स्वयंपाक करतात. साखर बारीक दळलेली. त्यामुळे 'साखर' म्हणजे मीठ आणि 'मीठ' म्हणजे साखर, असा कारभार त्या घरात सुखेनैव चालला होता.

"कधीपासून?" मी विचारलं. "डबे घासल्यापासून. दोनेक महिने असतील," बाबा म्हणाले. त्या काळात उंदरांच्या जखमा मोजत बसल्यामुळे माझं येणं झालं नव्हतं, पहारा फोनवरून चालू होता. गोळी घेतली का, दार लावलं का, मीठ कमी घातलं का. "म्हणजे दोन महिने तुम्ही उकडलेल्या अंड्यावर साखर घालून खाताय?" "हं." "सूपमध्येही?" "सूपमध्ये तर फारच वाईट लागायची." "मग बोलला का नाहीत?" बाबा अगदी सहज म्हणाले, "तूच म्हणाली होतीस ना, कमी मिठाचं सुरुवातीला विचित्र लागेल, मग सवय होईल. मी सवय व्हायची वाट बघत होतो."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोघं दारात एकदमच आल्यामुळे कोणीच बाहेर पडेना. एखाद्या माणसानं दोन महिने अंड्यावर साखर घालून खावी आणि त्याला वाटू नये की काहीतरी चुकलंय, वाटावं की मुलीनं सांगितलंय म्हणजे असंच असणार? इतक्यात बाबा खुर्चीत मटकन बसले. त्यांना दुसरंच काही सुचलं होतं. "अगं, म्हणजे ती इतके दिवस खारट चहा प्यायली?" "कोण ती?" "तीच ती," बाबा शर्टावरच्या डागाकडे बघत म्हणाले. "पोहायला शिकवते ती. डबे तिच्यासाठीच घासले होते, पहिल्यांदा येणार होती म्हणून. दर रविवारी येते. दोन चमचे घालून देतो मी तिला." "आणि काही बोलली नाही?" "छान झालाय म्हणते. परत मागून घेते." मग घाईघाईनं म्हणाले, "सांगू नकोस हं तिला. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

रविवार असला तरी उंदरांना ते कळत नाही, म्हणून मी तिथून प्रयोगशाळेत गेले. खरं तर पळाले. जिन्यात धाकट्याला फोन लावला, तो दूर राहतो आणि दुरून सगळं त्याला मान्य असतं. "तुला माहीत होतं?" "महिन्यापूर्वीच. बाबांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझं काय, ताईचा शिक्का आणा." "मी काय शिक्के मारायला बसलेय?" "मग काय करायला बसलीयेस?" म्हणाला हा गाढव, आणि फोन ठेवून दिला. दिवसभर डोक्यात त्याचंच गुऱ्हाळ. काय करायला बसलेय मी? माझं पोट एका जनुकावर चालतं. प्रत्येक पेशीत ते असतं, मी त्याला पहारेकरी म्हणते. पेशी दोन व्हायला निघाली की हा दारात आडवा. कुठे निघालात? नकला नीट उतरवल्यात? हे अक्षर चुकलंय, बसा, दुरुस्त करा. दुरुस्त होत नसेल तर मरा, पण असं बाहेर जाता येणार नाही. गाठीच्या पेशी तपासाव्यात तर निम्म्याहून अधिक वेळा हा पहारेकरी एक तर मेलेला सापडतो, नाही तर दारातच दारू पिऊन पडलेला. मला तो पहिल्यापासून आवडला. आपल्यासारखं कोणीतरी विश्वात आहे, असं वाटलं.

आईची गाठ लागली तेव्हा मी कॉलेजात होते. लागली म्हणजे तिच्याच हाताला लागली, अंघोळ करताना, आणि ती म्हणाली, "बघू पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात धाकट्याची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या महिन्यात बाबांची बदली. आई सगळ्याच गोष्टींना बघू म्हणायची, हसत म्हणायची, त्यामुळे कोणालाच त्या शब्दाची भीती वाटली नाही. बाबा तिच्या 'बघू'वर निवांत विसंबून होते. ती गेल्यावर ते माझ्या 'नाही'वर विसंबले. दोन खांबांमधला हाच फरक, की पहिला हसरा होता. मला भीती वाटते, ही साधी गोष्ट मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलेली नाही. फोन उशिरा उचलला की वाटते, जिन्यात पाय घसरण्याच्या कल्पनेनं वाटते, आणि बाबा जास्त खूश दिसले की सगळ्यात जास्त वाटते. वाढ म्हटली की मला आधी गाठच आठवते. त्याला मी काय करू?

उंदरांच्या खोलीत त्यांची देखभाल करणारे उंदीरमामा होते. त्यांना सगळे मामा म्हणतात, कारण उंदरांचे सगळे लाड त्यांच्याकडे. "आज आजोबांनी पुन्हा जेवण टाकलं," ते म्हणाले. हे आजोबा म्हणजे एक उंदीर, वयानं ऐन पंचविशीतला, उंदरांच्या हिशेबानं. आमच्याकडे दोन घराणी आहेत, दोन्हींत पहारेकरी जादा दिलेला. पहिल्या घराण्यात तो कायम दारात उभा, रात्रंदिवस, कामाशिवायही. या उंदरांना गाठी सहसा होत नाहीत. मला याचा केवढा अभिमान होता! मग हळूहळू दिसायला लागलं, की त्यांची पाठ वाकते, केस विरळ होतात, कातडी कागदासारखी होते, आणि पाठीवर इवलीशी जखम झाली तरी ती भरून येत नाही. कारण जखम भरतात त्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी. त्या एरवी कोपऱ्यात झोपलेल्या असतात, घरातल्या एखाद्या आळशी पण गुणी माणसासारख्या. हाक मारली की उठायचं, चार नव्या पेशी करून द्यायच्या आणि पुन्हा पांघरूण घ्यायचं. त्यांच्यावर पहारा हवाच, तो नसेल तर त्या उठतात आणि झोपायचं विसरून जातात, आणि इतकी वर्षं जगणाऱ्या पेशीच बिघडल्या तर गाठीला बीजच मिळतं. पण पहारेकरी अहोरात्र त्यांच्या उशाशी काठी आपटत बसला, तर हाक येऊनही त्या उठत नाहीत. उठून काय करायचं? तो विचारणारच, कुठे निघालात. म्हणून आमचे आजोबा गाठीनं मरत नाहीत, म्हातारपणानं मरतात, ऐन तारुण्यात.

आणि शेजारच्या पिंजऱ्यात दुसरं घराणं. पहारेकरी तिथेही जादाच, पण त्याची जुनी सवय मोडलेली नाही. संकटाची घंटा वाजली तर उठायचं, नाही तर खुर्चीत बसून राहायचं. या उंदरांनाही गाठी कमी होतात. पण केस दाट, जखमा वेळेवर भरतात, आणि सगळा वेळ चाकावर धावून मामांच्या डोक्याला ताप. हे मला कालच कळलं असं नाही, यावर माझा शोधनिबंध छापून आलाय, परिषदेत टाळ्या पडल्यात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, प्रयोगशाळेतलं घरी नेऊ नये, हेही मीच विद्यार्थ्यांना बजावते. तरी आजोबांना तळहातावर घेतलं तेव्हा ते हलले नाहीत, चावले नाहीत, पळाले नाहीत, नुसते बसून राहिले. मी काही करेन ते बरोबरच असणार, अशा विश्वासानं. मला एकदम अंड्यावरची साखर आठवली. "मामा, ह्यांना ठेवा आत," मी म्हणाले. "मॅडम, रडताय की काय?" "भुसा गेला डोळ्यात." "हो, भुसा वाईटच," मामा म्हणाले आणि नको तितक्या सज्जनपणे भिंतीकडे बघत राहिले.

पोहण्याच्या तलावाची परवानगी मीच दिली होती. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, तीही अटींवर: कमरेएवढं पाणी, कठडा सोडायचा नाही, पोहायचं नाही, नुसतं चालायचं. संध्याकाळी मी तिथे पोचले तेव्हा कठड्याशी बाबा नव्हते. कमरेएवढ्या पाण्यातही नव्हते. एक लाल टोपी खोल बाजूला मधोमध चालली होती, वल्हं तुटलेल्या होडीसारखी तिरकी, प्रचंड पाणी उडवत, आणि त्या टोपीखाली माझा बाप होता. माझ्या घशाशी 'नाही' आला. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत एक रुंद खांद्यांच्या बाई बसल्या होत्या, केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी, पायाशी थर्मास. वय बाबांपेक्षा थोडं कमी. माझ्याकडे न बघताच त्यांनी शेजारची खुर्ची पायानं सरकवली. "तुम्ही साहेब ना? बसा."

मी बसले नाही. "ते खोल पाण्यात आहेत." "हो ना. बराच दम आहे हो तुमच्या वडिलांमध्ये. हात मात्र अजून चुकीचे पडतात." नजर पाण्यावरच. "आज आल्या आल्या म्हणाले, साहेब 'बघू' म्हणाले, म्हणजे राहिलंच. तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, बरं, आधी दोन फेऱ्या मारून घ्या, मग काय राहायचं ते राहू दे." मला खूप काही विचारायचं होतं. हेतू काय, प्रकृती कशी, घर कोणाचं, आणि आईचा फोटो कुठे ठेवणार. विचारलं भलतंच. "तुम्ही चहा कसा घेता?" बाई हसल्या. "पूर्वी साखरेचा घ्यायचे. तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा, खरं सांगते, डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, असेल एकेका घरची पद्धत. एवढं प्रेमानं ढवळून दिलंय माणसानं, नाव कशाला ठेवा? आता मला सवय झालीय. घरीसुद्धा मीठच घालते."

तेवढ्यात लाल टोपी पाण्याखाली गेली. मी ओरडणार, धावणार, एक चप्पल काढलीही होती, तर बाईंनी माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं. मी आपोआप खुर्चीत बसले. "बुडबुडे दिसतायत?" दिसत होते. एक, मग दोन, मग मूठभर. "श्वास सोडतायत ते, मीच शिकवलंय. बुडबुडे आहेत तोवर बसायचं. आयुष्यभर हेच केलं मी इथे. लोक म्हणायचे, हिला बसायचा पगार मिळतो." मी बघितलं, त्यांचा हात माझ्या मनगटावर सैल होता, पण दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर टेकलेले होते, टाचा उचललेल्या. बुडबुडे थांबले असते तर ही बाई माझ्या किंकाळीच्या आधी पाण्यात असती, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. मला दुसरं घराणं आठवलं. त्यावरचा माझा निबंध चांगला आहे, अजूनही म्हणते, पण बसल्यावर टाचा कशा दिसतात ते त्यात नाही.

टोपी वर आली. बाबांनी डोळ्यांवरचं पाणी निपटलं, इकडे बघितलं, मला ओळखलं, आणि मी तोंड उघडायच्या आत अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडले, "घेतली! गोळी घेतली!" लोक वळून बघायला लागले. दोन पोरं फिदीफिदी हसली. बाबा घाईघाईनं, चुकीचे हात मारत, कठड्याकडे यायला लागले. "निघतोच आहे. आजच जरा आत गेलो होतो, रोज नाही." मी काठाशी गेले, उकिडवी बसले. ओल्या कठड्यावर त्यांची बोटं होती, पाण्यानं सुरकुतलेली, पण पकड घट्ट. जवळून त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. गाल लाल, नाकातून पाणी गळतंय, आणि डोळ्यांत ते काहीतरी, जे आईबरोबर गेलं असं मी धरून चालले होते. ते गेलं नव्हतं. नुसतं झोपलेलं होतं, आणि उशाशी मी होते.

"बाबा, करा," मी म्हणाले.

"काय करू?"

"लग्न."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, चहा वगैरे काही थुंकतेय का बघावं तसं. "नाही म्हणालीस तरी चालेल हं, साहेब. मला सवय आहे."

"मला नाहीये," मी म्हणाले. "हो म्हणायची. होईल."

तोंड दाखवायचं नसलं की लोक खिडकीबाहेर बघतात, रुमाल काढतात. बाबांनी नाक धरलं आणि सरळ पाण्याखाली गेले. मी उठले, मागे आले, खुर्चीत बसले. भीती होती तिथेच होती, ती कुठे जाणार? पण बुडबुडे येत होते. पुष्कळ येत होते, माणूस पाण्याखाली हसत असला किंवा रडत असला तर यावेत तसे. बाईंनी थर्मास उघडला, त्याच्या झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या. तुमच्याच पद्धतीचा आहे."

मी पाण्यावरची नजर न हलवता तो संपवला. "छान झालाय," म्हणाले, आणि परत मागून घेतला.